स्कॉटलंडची चुनाभट्टी

मुंबईच्या हार्बर मार्गावर कुर्ला आणि गुरु तेग बहादूर नगर यांच्यामध्ये चुनाभट्टी नावाचे स्थानक आहे. रोज हजारो माणसे तिथे चढतात-उतरतात. त्या नावात एक अख्खा धंदा दडलेला आहे, हे त्यांतल्या थोड्यांच्याच मनात येत असेल. चुन्याच्या भट्ट्या होत्या म्हणून चुनाभट्टी. भट्ट्या गेल्या, नाव राहिले.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याला, फोर्थच्या खाडीच्या उत्तर काठावर, याच नावाचे एक गाव आहे : लाइमकिल्न्स. ‘लाइम’ म्हणजे चुना, ‘किल्न’ म्हणजे भट्टी. तिथल्या भट्ट्याही कधीच विझल्या, पण त्या पाडलेल्या नाहीत. लाइमकिल्न्सला लागूनच पश्चिमेला चार्ल्सटाउन नावाचे दुसरे गाव आहे. तिथे टेकाडाला पाठ लावून चौदा भट्ट्यांची दगडी रांग आजही समुद्राकडे तोंड करून उभी आहे. खाडीच्या काठाने एका गावातून दुसऱ्या गावात जायचे, भट्ट्यांवरून टेकाड चढायचे आणि वरच्या रानवाटेने पुन्हा पहिल्या गावात उतरायचे, अशी एक गोल पायवाट आहे. चढ बेताचा, वाट सोपी. रमतगमत, थांबत गेले तरी अर्धा दिवस पुरतो. शनिवार-रविवारी माणसे तिथे कुत्री आणि मुले घेऊन फिरायला येतात.

माझे चिपळूणला इमारत-साहित्याचे दुकान आहे. तीस वर्षे सिमेंट विकून पोट भरणारा माणूस चुन्याची चौकशी करत हिंडतो, याचे गिऱ्हाइकांना हसू येते. पण जुन्या जांभ्याच्या घरांची डागडुजी करणाऱ्या गवंड्यांशी रोजचा संबंध असल्यामुळे मला चुन्याचा नाद लागला आणि त्यापायी मिळेल ते वाचत गेलो. कोणत्याही विद्यापीठाचा शिक्का माझ्यावर नाही. मुलगी नोकरीनिमित्त एडिनबराला असते. तिच्याकडे राहिलो होतो तेव्हा ही वाट तीनदा चाललो. या लेखात ती वाट उलगडून दाखवायची आहे. माझा मुद्दा एवढाच, की ही वाट सुंदर आहे ती निसर्गामुळे कमी आणि चुन्यामुळे जास्त. तिचे प्रत्येक वळण चुन्याच्या धंद्याने पाडलेले आहे. ते धंद्याच्या हिशेबाने वाचले तर दिसणाऱ्या गोष्टींइतक्याच न दिसणाऱ्याही समजू लागतात.

पाण्याकाठची वाट

एडिनबराहून डन्फर्मलिनला जाणारी आगगाडी फोर्थच्या १८९०च्या प्रसिद्ध पुलावरून खाडी ओलांडते. डन्फर्मलिन हे स्कॉटलंडच्या राजांचे जुने ठाणे. राजा रॉबर्ट ब्रूस तिथल्याच मठात पुरलेला आहे. तिथून बस खाली खाडीकडे उतरते आणि थोड्याच वेळात लाइमकिल्न्स येते.

पाण्यासमोर एका ओळीत घरे, मध्ये रस्ता, रस्त्यापलीकडे दगडी कठडा आणि खाली ओहोटीला उघडा पडणारा गाळ. कोकणातल्या माणसाला हे चित्र ओळखीचे वाटेल. फक्त माड नाहीत आणि वारा हाडे गोठवणारा. पूर्वेकडे फोर्थवरचे पूल दिसतात : १८९०चा रेल्वेचा, १९६४चा रस्त्याचा आणि २०१७चा नवा.

हे गाव चार्ल्सटाउनच्या भट्ट्यांहून कितीतरी जुने. चुना इथे मध्ययुगापासून भाजला जात होता, म्हणून तर हे नाव. पण मोठी ओळख बंदराची. डन्फर्मलिनला समुद्र नाही. तिथल्या मठाचा आणि राजवाड्याचा माल उतरायचा तो लाइमकिल्न्सला. त्या काळाची खूण म्हणून ‘किंग्ज सेलर’ नावाची जाड भिंतींची दगडी वखार गावात अजून उभी आहे. तिच्या एका दारावर १५८१ साल कोरलेले आहे.

इंग्रजी वाचणाऱ्यांना हे गाव आणखी एका कारणाने माहीत असते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘किडनॅप्ड’ (१८८६) या कादंबरीत डेव्हिड बॅल्फर आणि ॲलन ब्रेक हे दोघे फरारी दमून इथे पोचतात. पुलावर पहारा असल्यामुळे त्यांना खाडी ओलांडता येत नाही. तेव्हा लाइमकिल्न्सच्या खाणावळीतली एक मुलगी रात्री होडी वल्हवून त्यांना पलीकडे सोडते. तिचे नाव कादंबरीत नाही. हे ध्यानात ठेवावे. नाव नसलेली माणसे या वाटेवर आणखी भेटणार आहेत.

गाव संपता संपता खाडी डाव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चालू लागायचे. लवकरच उजवीकडचे टेकाड जवळ येते, झाडी दाटते आणि एका वळणावर चार्ल्सटाउनचे बंदर समोर येते. आज बंदरात चार-दोन शिडाच्या होड्या. ओहोटीला त्या गाळावर कललेल्या असतात. आणि बंदराच्या मागे त्या भट्ट्या.

प्रथमदर्शनी त्या भट्ट्या वाटतच नाहीत. एखाद्या किल्ल्याचा बुरुजांचा तट असावा तशी घडीव दगडाची उंच भिंत आणि तिच्या पायाशी ओळीने कमानी. कमानींतून झुडपे वाढली आहेत आणि दगड ढासळण्याच्या भीतीने कुंपण घातले आहे. त्यामुळे आत जाता येत नाही, बाहेरूनच पाहायचे.

उताराचे गणित

भट्ट्या नेमक्या इथेच का, हा प्रश्न विचारला की सगळी वाट उकलू लागते.

चुनखडीचा दगड साधारण ९०० अंश सेल्सिअसला तापवला, की त्यातला कर्बवायू निघून जातो आणि मागे कळीचा चुना राहतो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर चुना हाती येतो ५६ किलो. उरलेले ४४ किलो धुराड्यातून हवेत. म्हणजे दगड दूर नेऊन भाजण्यापेक्षा खाणीपाशीच भाजून चुना नेला, तर वाहतुकीचे ओझे जवळजवळ निम्म्यावर येते. पण भाजायला जळण लागते आणि तेही पुष्कळ. जिथे दगड, कोळसा आणि बंदर ही तिन्ही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतील, तिथेच हा धंदा मोठा होणार.

चार्ल्सटाउनला नेमके हेच जमून आले. चुनखडी टेकाडावर, म्हणजे भट्ट्यांच्या डोक्यावर. कोळशाच्या खाणी आत डन्फर्मलिनच्या बाजूला, त्याही चढावर. तिथून खाली बंदरापर्यंत रूळ टाकले होते आणि त्यांवरून घोडे गाड्या ओढत. वाफेचे इंजिन येण्याच्या आधीची ही रेल्वे. स्कॉटलंडमधल्या सगळ्यांत जुन्या रूळमार्गांत तिची गणना होते. भरलेली गाडी उतरणीने खाली येई आणि रिकामी गाडी घोडा वर ओढून नेई.

भट्ट्या टेकाडाला टेकून बांधल्या त्या याच हिशेबाने. दगड आणि कोळसा वरच्या अंगाला येऊन थांबत आणि वरूनच भट्टीच्या तोंडात थरावर थर टाकले जात : एक थर कोळसा, एक थर चुनखडी. आग खालून वर सरकत राही. भाजलेला चुना खालच्या कमानीतून ओढून काढला की वरचा माल आपोआप खाली बसे आणि वर नव्या थरांना जागा होई. भट्टी विझवायचीच नाही. कमानीतून निघालेला चुना समोरच्या धक्क्यावर आणि तिथून गलबतात. खाणीपासून गलबतापर्यंत माल एकदाही वर चढवावा लागत नाही. आपण जो चढ दम खात चढतो, तो या धंद्याचा मुख्य कामगार होता, आणि तो मजुरी मागत नव्हता.

आपल्या चुन्याच्या घाणीजवळ उभा राहिलेला जुना गवंडी हे सगळे एका दृष्टिक्षेपात ओळखील. फरक मापाचा. आपल्याकडे एक किल्ला किंवा एक देऊळ बांधायचे म्हणून भट्टी लागे आणि काम संपले की विझे. इथे चौदा भट्ट्या बाजारासाठी जळत होत्या. चुना इमारतींना जाई, चामडे कमावणाऱ्यांना जाई, पण सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते शेती. स्कॉटलंडच्या थंड, पावसाळी मुलखात जमीन आंबट होते. तिच्यात चुना मिसळला तर पीक धरते. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात तिथले जमीनदार शेती सुधारण्याच्या मागे लागले आणि चुन्याला अचानक सोन्याचे मोल आले.

माल मात्र विश्वासघातकी. कळीच्या चुन्याला पाणी लागले की तो उकळू लागतो. गलबताच्या तळाशी पाणी शिरले तर त्या उष्णतेने लाकूड पेट घेई. चुन्याची भुकटी डोळ्यांत गेली तर दृष्टी जाई. भट्टीच्या तोंडाशी साचणारा वायू दिसत नाही, वास देत नाही. थंडीच्या रात्री भट्टीच्या उबेला झोपलेले निराधार लोक सकाळी उठलेच नाहीत, असे प्रकार ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी घडले आहेत. आज त्या भिंतीसमोर बसून लोक डबा खातात. इतकी शांतता त्या जागेने दोनशे वर्षांत अनुभवली नसेल.

कोळसा, मीठ, चुना

भट्ट्यांजवळच्या वस्तीचे नाव आहे ‘सॉल्टपॅन्स’, म्हणजे मिठाच्या कढया. आपल्याकडे मिठागरात ऊन काम करते. स्कॉटलंडच्या उन्हाला तेवढी ताकद नाही, म्हणून लोखंडी कढयांत समुद्राचे पाणी ओतून खालून कोळसा जाळायचा आणि पाणी आटवून मीठ काढायचे. यालाही कोळसा बेसुमार लागे, पण तो चांगला नको. खाणीतून निघणारा बारीक चुरा घरगुती गिऱ्हाईक घेत नसे. तो मिठाच्या कढयांखाली आणि चुन्याच्या भट्टीत खपे. थोडक्यात, मीठ आणि चुना हे दोन्ही धंदे कोळशाच्या गाळसाळीवर उभे होते. एकाच मालकाच्या जमिनीत कोळसा, मीठ आणि चुना एकत्र का दिसतात, याचे उत्तर हे.

हे कळले तेव्हा मला आपल्याकडची लोणारी जमात आठवली. लोणारी हे नाव ‘लोण’ म्हणजे मिठावरून आले. पण या जमातीचे पिढीजात धंदे पाहिले तर मीठ, चुना आणि लोणारी कोळसा हे तिन्ही सापडतात. एकाच जातीकडे हे तीन धंदे कसे, याचे मला फार दिवस कोडे होते. चार्ल्सटाउनला वाटले, हे कोडे जातीचे नाही, आगीचे आहे. ज्याला जळण राखता येते आणि आग आवाक्यात ठेवता येते, त्याच्याकडे ही तिन्ही कामे येतात. हा माझा तर्क आहे. जाणकारांनी तो तपासावा.

पण लोणारी निदान स्वतःचा धनी होता. इथल्या खाणीत आणि मिठाच्या कढईवर काम करणारा माणूस तसा नव्हता. १६०६च्या कायद्याने स्कॉटलंडमधले कोळसा-खाणकामगार आणि मिठाचे कामगार मालकाशी जखडलेले होते. मालकाच्या परवानगीवाचून काम सोडले तर ती चोरी, कारण त्याने मालकाचे स्वतःचे शरीरच पळवले असे कायदा मानी! खाण विकली गेली की तिच्याबरोबर कामगारही नव्या मालकाकडे जात. मुलाच्या बारशाच्या वेळी मालक बापाच्या हातावर काही पैसे ठेवी. ते स्वीकारले की ते मूलही खाणीला बांधले गेले, असा प्रघात होता. १७७५च्या कायद्याने ही बंधने सैल झाली, पण अटी इतक्या होत्या की पुष्कळांना त्यांचा लाभच झाला नाही. पूर्ण सुटका झाली ती १७९९ साली. आणि स्त्रिया, मुली व १० वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखाली कामाला लावायची बंदी आली १८४२ मध्ये. तोवर कोळशाची टोपली पाठीवर घेऊन शिड्या चढणाऱ्या बहुधा बायका आणि मुलीच होत्या.

चार्ल्सटाउन वसले १७५०च्या दशकात. म्हणजे त्याच्या पहिल्या चाळीसेक वर्षांत इथे येणारा कोळसा अशा बांधील माणसांच्या व्यवस्थेतून येत होता. उतार मजुरी मागत नव्हता हे खरे, पण उतार सुरू होण्याआधी कोळसा जमिनीच्या पोटातून वर आणावा लागे. तो चढ कुणाच्या तरी पाठीवर होता.

सी आणि ई

भट्ट्यांच्या बाजूने वाट वर चढते. पाच-सात मिनिटांत आपण चार्ल्सटाउनच्या वरच्या वस्तीत येतो. मधोमध हिरवळीचे मैदान आणि कडेने बैठ्या दगडी घरांच्या ओळी. त्यांची नावेही हिशेबाच्या वहीतली वाटावीत अशी : नॉर्थ रो, साउथ रो, डबल रो. म्हणजे उत्तर ओळ, दक्षिण ओळ, दुहेरी ओळ. गाव हळूहळू वाढले नाही. ते आखून बांधले. बांधणारा होता चार्ल्स ब्रूस, एल्गिनचा पाचवा अर्ल. त्याच्याच नावावरून चार्ल्सटाउन. या घरांची आखणी वरून पाहिली तर ‘सी’ आणि ‘ई’ ही इंग्रजी अक्षरे दिसतात असे सांगतात. चार्ल्स एल्गिनची आद्याक्षरे. गुरांवर मालकाचा डाग असतो तसा जमिनीवर मालकाचा ठसा. त्या अक्षरांच्या रेघांमध्ये लोक राहत, जेवत, मरत. जमिनीवरून चालणाऱ्याला ती अक्षरे दिसत नाहीत.

गावाबाहेर पडून परतीची वाट पूर्वेकडे वळते. आता खाडी उजवीकडे खाली आणि डावीकडे मोठमोठ्या झाडांचे रान. या रानाआड ब्रूमहॉल नावाचा वाडा आहे, एल्गिन घराण्याचे राहते घर. ते खासगी आहे.

एल्गिन हे नाव मराठी वाचकाला दोन-तीन वेळा तरी भेटलेले असते. पाचव्या अर्लचा मुलगा थॉमस, सातवा अर्ल. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पे उतरवून इंग्लंडला आणणारा तो हाच. त्यात त्याने इतका पैसा घातला, की १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने ३५,००० पौंडांना ती शिल्पे विकत घेतली तरी तो कर्जातून वर आला नाही. ब्रूमहॉलचा सध्याचा वाडा त्यानेच बांधायला घेतला. त्याचा मुलगा जेम्स, आठवा अर्ल. १८६० मध्ये पेकिंगजवळचा चिनी सम्राटाचा उन्हाळी राजवाडा जाळण्याचा हुकूम त्याचा. १८६२ मध्ये तो हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि पुढच्याच वर्षी धरमशाळेला वारला. त्याची कबर तिथेच आहे. आणि त्याचा मुलगा व्हिक्टर अलेक्झांडर, नववा अर्ल. १८९४ ते १८९९ या काळात व्हाइसरॉय.

ही शेवटची वर्षे महाराष्ट्र विसरणे शक्य नाही. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला. त्याच सुमारास देशाच्या मोठ्या भागात दुष्काळ. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला, तो याच व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत. त्या कायद्याच्या बळावर पुण्यात रँडसाहेबाची प्लेग कमिटी बसली. गोरे सोजीर घराघरांत शिरले. माणसे तपासली, सामान बाहेर काढले, जंतुनाशके शिंपली आणि भिंतींना चुना फासला. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. पुढच्या महिन्यात टिळकांना अटक झाली, राजद्रोहाचा खटला चालला आणि दीड वर्षाची शिक्षा झाली.

पुण्याच्या भिंतींना फासलेला चुना चार्ल्सटाउनचा नव्हता, हे सांगायला नको. तो इथलाच, आपल्याच भट्ट्यांतला. तेव्हा या दोन गोष्टींची गाठ घालून कादंबरी रचायचा माझा इरादा नाही. पण ब्रूमहॉलच्या रानाकडेने चालताना एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. ज्या घराण्याने या टेकाडावर माणसांच्या राहण्याचीही अक्षरे आखली, त्याच घराण्यातल्या एकाच्या सहीशिक्क्याच्या राज्यात दीड शतकानंतर पुण्याच्या माजघरांचे दरवाजे उघडले गेले. घर कुणाचे, त्यात कोणी शिरायचे, भिंत कोणी रंगवायची हे वरून ठरवण्याची सवय दोन्हीकडे सारखीच आहे. चार्ल्सटाउनच्या लोकांनी त्याला काय उत्तर दिले हे दगडांत लिहिलेले नाही. पुण्याने काय दिले ते आपल्याला पाठ आहे.

सिमेंट आले तेव्हा

१८२४ मध्ये इंग्लंडात जोसेफ ॲस्प्डिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. चुन्याचा अंत तेव्हाच सुरू झाला, पण तो व्हायला शंभराहून जास्त वर्षे लागली. चार्ल्सटाउनच्या भट्ट्या कायमच्या विझल्या १९५६ साली.

मी सिमेंट विकतो, त्यामुळे त्याची निंदा करणार नाही. ते लवकर घट्ट होते, पाण्यातही धरते, माप नेमके ठेवता येते. पुलाला, धरणाला, दहा मजल्यांच्या इमारतीला तेच हवे. पण चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला सिमेंट लावले तर काय होते, हे मी चिपळूणला दर पावसाळ्यात पाहतो. चुन्याचा दर्जा मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर निघून जाते. सिमेंट ती वाट बंद करते. मग ओल जांभ्यातून बाहेर पडू पाहते आणि दगडाचा पृष्ठभागच भुसभुशीत होऊन गळू लागतो. दर्जा तसाच उभा आणि मधला दगड झिजून आत गेलेला, अशा भिंती कोकणात ठायी ठायी दिसतात. चुन्याचा दर्जा मऊ होता म्हणून आधी तो झिजत असे आणि दगड वाचत असे. दर्जा पुन्हा भरता येतो, दगड पुन्हा घडवता येत नाही.

चुन्याची दुसरी गंमत रसायनाची. भट्टीत दगडातून जो कर्बवायू निघून गेला, तोच चुना भिंतीत गेल्यावर हवेतून सावकाश परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. दगडाचा चुना, चुन्याचा दगड. त्यामुळेच बारीक तडा गेला तर पावसाच्या पाण्याबरोबर झिरपणारा चुना तो थोडाफार बुजवूनही टाकतो.

स्कॉटलंडमध्ये विसाव्या शतकात जुन्या दगडी इमारतींची सिमेंटने दुरुस्ती झाली आणि तिथेही दगड गळू लागले. तेव्हा चुन्याकडे परत वळायचे ठरले. पण मधल्या दोन पिढ्यांत हातातले कसब गेले होते. कळीचा चुना कसा भिजवायचा, किती दिवस मुरवायचा, वाळू कोणती घ्यायची, थंडीत काम कधी थांबवायचे हे सांगणारे गवंडी उरले नव्हते. त्यासाठी १९९४ मध्ये ‘स्कॉटिश लाइम सेंटर ट्रस्ट’ ही संस्था निघाली. तिचे ठिकाण चार्ल्सटाउन. तिथे गवंड्यांना चुन्याचे काम शिकवतात आणि जुन्या भिंतीचा कपचा नेला तर त्यातल्या चुन्या-वाळूचे प्रमाण तपासून देतात. ज्या गावाने एकेकाळी गलबते भरभरून चुना बाहेर पाठवला, ते आता त्याचे शिक्षण देते. वाटेवरच्या सगळ्या गोष्टींत मला हीच सर्वांत मोलाची वाटली. भट्ट्या जपल्या हे चांगलेच. पण हात पुन्हा तयार केले, ते जास्त अवघड होते.

आपल्याकडे हे हात अजून पूर्ण गेलेले नाहीत. तिकोना, लोहगड अशा किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्या पडून आहेत. दगडी गोल चर, त्यात फिरणारे जड दगडी चाक. बैल ते ओढत आणि चुना-वाळू दिवसचे दिवस मळली जाई. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडीद घालण्याच्या रीती होत्या आणि त्या प्रदेशागणिक बदलत. किनारपट्टीला चुनखडी नाही, तिथे खाडीतले शिंपले भाजून चुना करत. शिंपला आणि चुनखडी यांचे द्रव्य एकच. हे प्रमाण, हे अंदाज, मळलेला चुना बोटांना कसा लागला पाहिजे ही जाण आज सत्तरी-ऐंशीतल्या काही माणसांकडे आहे. त्यांच्याकडून ती लिहून घ्यायला नाही म्हटले तरी दहा-पंधरा वर्षेच आहेत. किल्ल्यांच्या डागडुजीत आता चुना वापरू लागले आहेत हे मी पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण पुस्तकातल्या प्रमाणाला त्या त्या गावच्या हाताची जोड मिळाली नाही, तर तो चुना नावाचाच.

म्हणून सुचवावेसे वाटते, की पुढच्या वेळी किल्ल्यावर गेलात तर घाणीपाशी पाच मिनिटे थांबा. दगड कुठून आला असेल? जळण कुठले? पाणी कुठून आणले? चढ कोणता आणि उतार कोणता? एवढे विचारले की आजूबाजूची झाडी, पायऱ्या, वाटेचे वळण बोलू लागते. आणि शेवटचा प्रश्न सोडू नका : हे सगळे वर आणणारे कोण होते? बांधणाऱ्या राजाचे नाव बखरीत असते. ओझे वाहणाऱ्याचे नाव ना बखरीत, ना चार्ल्सटाउनच्या सी-ई अक्षरांत. पण जवळपासच्या वाडीत एखाद्या घराण्याचे आडनाव चुनेकर निघते, एखाद्या आजोबांना चुना किती दिवस मुरवायचा ते ठाऊक असते. तिथे वही घेऊन बसावे. तेवढी लेखी नोंद अजून आपल्या हातात आहे.